पितळेची मान: पोचा, तडा आणि पावसाळा

(वेळणेश्वर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

वेळणेश्वरला बोलायचं म्हणजे समुद्राच्या गाजेवर आवाज चढवावा लागतो. मागच्या बाकांवर ऐकू येत नसेल तर हात वर करा, आम्ही पुन्हा सांगू.

टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. एक घरातला पितळी तांब्या आहे. त्याच्या गळ्याशी पोचा आला आहे, इथून दिसतोय बघा. दुसरी वस्तू लाकडाची आहे. रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी असते ना, तिची दहापट मोठी प्रतिकृती आम्ही लेथवर वळवून घेतली. खरी पुंगळी का आणली नाही, ते शेवटाकडे सांगू. दोन्ही वस्तूंची ठेवण मात्र बघा. खाली जाड बूड, वर अंग, मग खांदा, मग निमुळती मान आणि तोंड. तांब्याचा आणि पुंगळीचा घाट एकाच कुळातला आहे, आणि धातूही एकच. आजचा विषय या मानेचा.

परदेशात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, रायफल नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरतात. त्यांच्यापुढे नेहमी एक प्रश्न असतो. पुंगळीच्या तोंडाला, मानेला पोचा आलाय. सरळ करून वापरायची की भंगारात टाकायची? प्रश्न बारीक वाटतो. पण पुंगळी फुटली तर बंदुकीच्या मागे असतो तो माणसाचा डोळा आणि गाल. म्हणून 'चालतंय की' म्हणायची सोय नाही. याचं उत्तर शोधायला गेलं की माणूस दोन ठिकाणी पोचतो. एक म्हणजे आपल्या तांबटाचं दुकान. दुसरं म्हणजे आपला पावसाळा. पितळेच्या मानेबद्दल जगाला जो मोठा धडा मिळाला, तो हिंदुस्थानातल्या पावसाळ्यातच मिळाला. म्हणून हा विषय कोकणात मांडावासा वाटला.

आधी शब्द नीट लावून घेऊ. आपण सरसकट 'गोळी' म्हणतो. पण काडतुसात चार गोष्टी असतात. पुढे शिसं-तांब्याची गोळी, जी लक्ष्यावर जाते. मागे बुडात ठिणगी देणारी टोपी. मध्ये दारू. आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. गोळी, टोपी, दारू एकदाच कामाला येतात. पुंगळी उरते. वर्तमानपत्रात 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं वाचतो, ती हीच.

पुंगळी म्हणजे नुसती पुडी, असं आम्हालाही पूर्वी वाटायचं. तसं नाही. दारू पेटली की आत वायू तयार होतो. आपल्या ओळखीच्या थ्री-नॉट-थ्री रायफलमध्ये त्याचा दाब साधारण हवेच्या दाबाच्या तीन हजार पटीपर्यंत जातो. त्या क्षणी पितळ फुगतं आणि नळीच्या मागच्या पोकळीला आतून घट्ट चिकटतं. त्यामुळे वायूला मागे यायला फट राहत नाही, सगळा जोर गोळीवर जातो. गोळी बाहेर पडली की दाब उतरतो आणि पितळ केसभर मागे येतं, म्हणून पुंगळी ओढून काढता येते. म्हणजे फुगायचं, चिकटायचं आणि पुन्हा सुटायचं, ही तिन्ही कामं क्षणाच्या छोट्या अंशात व्हावी लागतात. शिसं फुगेल पण मागे येणार नाही. कडक पोलाद मागे येईल पण तितकं फुगून चिकटणार नाही. पितळेला दोन्ही जमतं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं हे पितळ. इंग्रजीत त्याचं नावच काडतुसांवरून पडलं आहे.

मानेकडे या. तिची भिंत साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची असते. ही मान गोळीला धरते. पकड सैल असली की गोळी हलते, फार घट्ट असली की दाब वाढतो, आणि एका बाजूला सैल, एका बाजूला घट्ट असली की नेम जातो. म्हणून नेमबाज मानेबद्दल इतके काटेकोर असतात.

इथे एक शंका बहुतेकांच्या मनात येईल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं, त्यांच्या पुंगळ्याही अशा पुन्हा भरतात का? नाही. पन्नास मीटरच्या त्या रायफली पॉइंट टू-टू बोरच्या असतात. त्यांच्या काडतुसात वेगळी टोपी नसते; ठिणगीचं द्रव्य बुडाच्या काठातच भरलेलं असतं, आणि घोडा पडला की तो काठ चेपला जातो. एकदा झाडलं की संपलं. आणि आपल्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी जी बारा बोरची एकनळी असते, तिच्या काडतुसाला मानच नसते, सरळ नळकांडं. ठासणीच्या बंदुकीत तर काडतूसच नाही. तेव्हा आज बोलतोय ते निमुळत्या मानेच्या, मध्यभागी टोपी असलेल्या रायफल काडतुसाबद्दल.

ही मान घडते कशी ते कळलं की दुरुस्तीचं निम्मं उत्तर मिळतं. १८५७ साली ज्या काडतुसांवरून एवढं रामायण झालं, ती कागदाची होती. पुढच्या दशकात स्नायडर रायफलीसाठी कर्नल बॉक्सर यांनी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून काडतूस केलं. तशीच गुंडाळलेली काडतुसं पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीत १८८५ च्या सुदानच्या लढाईत अडकायला लागली, तापलेल्या बंदुकीत फाटायला लागली. त्यानंतर अखंड पितळेतून ओढून काढलेली पुंगळी पक्की झाली. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर 'के. एफ.' अशी अक्षरं दिसली तर ती खडकीची, आणि 'ओ. एफ. व्ही.' दिसली तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची.

ओढून काढायची म्हणजे काय? पितळेच्या जाड चकतीची आधी वाटी करायची. मग ती वाटी साच्यातून दाबून लांब करायची, पुन्हा दाबून आणखी लांब. प्रत्येक दाबाला पितळ कडक होत जातं. दोन-तीनदा ओढलं की ते इतकं ताठर होतं की पुढच्या दाबाला फाटेल. म्हणून मध्येमध्ये भट्टीत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ओढायचं. शेवटी बूड ठोकून कडक ठेवायचं, कारण तिथे टोपी बसते आणि ते पसरून चालत नाही. तोंड निमुळतं करून मान काढायची. आणि सर्वांत शेवटी नुसती मान आणि खांदा ज्योतीवर धरून पुन्हा मऊ करायचे. लष्करी पुंगळीचा फोटो कधी नीट बघितलात तर खाली पिवळी आणि मानेकडे निळसर-तपकिरी डागाळलेली दिसते. तो मळ नाही, त्या ज्योतीची खूण आहे. एकाच वस्तूचं बूड कडक आणि मान मऊ. ही तफावत मुद्दाम ठेवलेली असते, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं ती मोडायची नसते.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हेच वेगळ्या रूपात दिसतं. तिथले कारागीर तांब्याचा पत्रा ठोकतात, तो ताठरला की भट्टीत लाल करतात, पाण्यात बुडवतात, स्वच्छ करतात, पुन्हा ठोकतात. आणि शेवटी जे मठारकाम करतात, ते बारीक बारीक ठोके, ते निव्वळ शोभेचे नसतात. त्या ठोक्यांनी भांड्याचं अंग ताठ होतं. म्हणजे मऊ करायचं कुठे आणि कडक ठेवायचं कुठे, हा हिशेब तांबटालाही करावा लागतो.

आता पोचा. पुंगळीच्या तोंडाला पोचा येण्याची कारणं साधी आहेत. स्वयंचलित रायफल रिकामी पुंगळी जोरात बाजूला फेकते; ती बंदुकीच्याच अंगावर आपटते, नाहीतर फरशीवर. कोणाच्या तरी बुटाखाली येते. बादलीत शेकडो पुंगळ्या एकमेकींवर पडतात. बहुतेक वेळा तोंड गोल न राहता लंबगोल होतं, किंवा काठ एका जागी आत वळतो.

अशा पोच्यांपैकी बरेच निरुपद्रवी असतात. पुन्हा भरण्याच्या पद्धतीतच एक टप्पा असा असतो की पुंगळी पोलादी साच्यात बाहेरून दाबतात, आणि मानेच्या आतून एक गुळगुळीत पोलादी बोंडी ओढून काढतात. बाहेरून साचा, आतून बोंडी, यांच्यामध्ये मान आपोआप गोल होते. अडचण एकच, बोंडी आत शिरायला तोंड तेवढं उघडं हवं. चेपलेल्या तोंडावर बोंडी तशीच दाबली तर काठ आणखी आत चुरडतो आणि चांगली पुंगळी वाया जाते. म्हणून आधी निमुळता गोल दांडा हातानं हळूच तोंडात घालून फिरवायचा आणि तोंड जेमतेम गोल करायचं. दांडा गुळगुळीत हवा. काहीजण चिमटा पक्कड वापरतात, चालतं, पण पकडीचे दाते आतून ओरखडे काढतात, आणि पुढे चीर जाते ती अशा ओरखड्यावरूनच. ठोकायचं तर नाहीच. एक तृतीयांश मिलिमीटरच्या पितळेला हातोडीची गरज पडत नाही. मानेच्या आत नावापुरतं वंगण लावायचं, म्हणजे बोंडी मानेला ताणून लांब करत नाही.

तांबट तांब्याचा पोचा काढतो तो असाच. आतून वाकडा लोखंडी दांडा टेकवतो, आणि बाहेरून लाकडी मोगरीनं पोच्याच्या कडेकडेनं आत येत बसवतो. एकदम मधोमध मारणारा कारागीर शिकाऊ समजावा. पोच्याची कड हीच ताणलेली जागा असते. मधला भाग फक्त ढकलला गेलेला असतो. टेबलावरचा तांब्या आज आम्ही सरळ करून दाखवणार होतो, पण वेळ बघता तो तसाच घरी जाईल असं दिसतंय.

एक गंमत सांगायची राहिली. वंगण जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर नवेच पोचे येतात! साच्यात तेल अडकतं, त्याला जायला वाट नसते, आणि तेल दाबलं जात नाही; मग पितळच आत जातं. असे गोल, उथळ, तेलाचे पोचे दिसले की नवखे घाबरतात. ते पोचे पुढच्या वेळी काडतूस झाडलं की आतल्या दाबानं आपोआप निघतात. फक्त काठ टोकदार, घडी पडल्यासारखा नको.

घडी हा शब्द महत्त्वाचा आहे. पोचा गोलसर असेल तर पितळ वाकलेलं असतं. पोच्याच्या मधोमध नखाला लागेल अशी धारदार रेघ असेल, म्हणजे कागदाला घडी घालतो तशी, तर त्या रेघेवर पितळ इतकं ताणलं गेलेलं असतं की सरळ केल्यावर तिथेच चीर उघडते. पोस्टकार्डाला घडी घालून उलगडून बघा. कार्ड सपाट होतं, पण रेघ जात नाही, आणि फाडायला गेलात तर तिथूनच फाटतं. अशी पुंगळी भंगारात.

आता प्रश्न असा येतो: सरळ केलेली मान कितीदा सरळ करायची? पितळेला प्रत्येक वाकवण्याची आठवण राहते. तार हातात घेऊन चार-पाच वेळा उलटसुलट वाकवली की ती आधी ताठर होते आणि मग तुटते, हे आपण लहानपणी केलेलं आहे. मान दर वेळी झाडताना फुगते, साच्यात आवळली जाते, बोंडीनं पुन्हा ताणली जाते. त्यात पोचा काढणं ही भर. काही फेऱ्यांनी ती इतकी कडक होते की साच्यातून काढली की पुन्हा थोडी उघडते, गोळीला धरत नाही. त्यानंतर एक दिवस उभी चीर जाते.

यावर उपाय म्हणजे मान पुन्हा तापवून मऊ करणे. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, आमचाही झाला होता. लोहाराचं बघून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की लाल करून पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो. ते पोलादाचं. पितळ पाण्यात बुडवा नाहीतर हवेत निवू द्या, मऊच राहतं. मग पाणी कशाला? उष्णता मानेतून खाली बुडाकडे सरकू नये म्हणून. कारखान्यात पितळ साधारण ४२५ ते ७५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ करतात, भट्टीत, वेळ देऊन. पुंगळीच्या मानेला ज्योतीवर काही सेकंद पुरतात, आणि बूड मात्र अडीचशे अंशांच्या बरंच खाली राहावं लागतं. जुनी पद्धत अशी की पसरट भांड्यात पाणी घालून झाडलेल्या, टोपी काढलेल्या पुंगळ्या त्यात उभ्या करायच्या, वरच्या मानेवर ज्योत फिरवायची आणि रंग बदलू लागला की पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. अंधाऱ्या खोलीत पितळ लालसर दिसू लागलं तर समजावं की गाडी पुढे गेली.

आमचा घोटाळा काय झाला ते सांगतो. कार्यशाळेत विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आम्ही आठ मिलिमीटरच्या पितळी नळीचे तुकडे घेतले होते. पहिला तुकडा ठोकून कडक केला, ज्योतीवर धरला, आणि बोलण्याच्या नादात तो चांगला लालभडक झाला. निवल्यावर हातात घेतला तर बोटांनी चेपला जातोय, मेणासारखा! आणि चेपला तिथे पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत. पितळेचे आतले कण फार मोठे झाले की असं होतं. पुंगळीची मान अशी झाली तर ती गोळीला धरणारच नाही. आणि वाईट म्हणजे, जास्त तापवलेलं पितळ कमी तापवून पूर्वपदावर येत नाही. तो तुकडा आम्ही अजून जपून ठेवला आहे, दर वर्षी नव्या वर्गात फिरवतो. बूड असं मऊ झालं तर काय होईल, ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

इथपर्यंत पोच्याचं झालं. आता तडा. आणि आता पावसाळा.

ब्रिटिश फौजांना हिंदुस्थानात एक विचित्र अनुभव येत होता. पावसाळ्यात मोहिमा थंडावत. दारूगोळा कुठेतरी कोरड्या, छपराखालच्या जागी ठेवायचा म्हणून घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरला, पेट्या उघडल्या, की कोरी करकरीत, एकदाही न झाडलेली काडतुसं तडकलेली निघत. कोणी आपटली नाहीत, कोणी झाडली नाहीत. आणि तडे बहुतेक कुठे? मानेला, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असतं तिथे. ऋतू बदलला की हे घडतं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. आपण 'पावसाळी तडा' म्हणू. शब्द आमचा आहे, कोशात शोधू नका.

दोष कोणाचा, याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. त्यांचं म्हणणं असं, की तडा जायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, पितळेच्या आत अडकलेला ताण. ओढून, आवळून केलेल्या वस्तूत तो राहतोच. बाहेरून काही दिसत नाही, पण आत पितळ कायम ताणलेलं असतं. दुसरी, अमोनिया. तो आला घोड्यांच्या मुतातून. तबेल्यात नाकाला झोंबतो ना, तोच. ओल असली आणि हवा असली की अमोनिया तांब्याला धरतो आणि विरघळवतो, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, तर पितळेच्या कणांच्या मधल्या सीमांवरून. भिंतीच्या विटा शाबूत आणि सांध्यातला चुनाच खाल्ला जातोय, असं समजा. आतला ताण दोन्हीकडून ओढतच असतो. सांधा उघडला की तडा पुढे सरकतो, अमोनिया आणखी आत जातो. नुसता ताण असता तर काडतूस वर्षानुवर्षं टिकलं असतं. ताण नसता आणि नुसता अमोनिया असता तर पृष्ठभाग निळसर-हिरवा पडला असता, एवढंच. दोघं भेटले की तडा.

उपायही त्यातूनच निघाला. ताण काढून टाका. पितळेची वस्तू तयार झाल्यावर पुन्हा बेताची तापवायची, अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास. त्यानं कडकपणा फारसा जात नाही पण आतली ओढ सैल होते. मानेवर जी निळसर डागाची ज्योत फिरवतात, तिचं हे दुसरं काम आहे. मघाशी आपण म्हटलं की ती मान मऊ करते. ती मानेला पावसाळ्यापासूनही वाचवते. आम्हाला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता पोचा काढणाऱ्याकडे परत या. त्यानं पोचा काढला म्हणजे काय केलं? पितळ पुन्हा वाकवलं, म्हणजे आत नवा ताण भरला. तशीच न तापवता ती पुंगळी भरून, दमट जागी, गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवली तर तबेल्यातलीच गोष्ट पुन्हा. चकचकीत करायच्या हौसेनं अमोनिया असलेलं पॉलिश लावलं तरी तेच. बाजारातल्या काही पितळ-पॉलिशांत अमोनिया असतो, डब्यावर वाचून बघा. घरी आपण चिंच, आमसूल, लिंबू वापरतो. त्यात अमोनिया नाही, पण फार वेळ लावून ठेवलं तर आम्ल जस्त खातं आणि पितळ गुलाबी दिसू लागतं. समईला चालेल. पुंगळीवर तसे गुलाबी डाग दिसले तर तिथलं पितळ कमजोर झालं असं समजून ती बाजूला काढतात.

म्हणून जाणता माणूस पुंगळी हातात घेतो तेव्हा आधी पोच्याकडे बघत नाही, तड्याकडे बघतो. उजेडात मान फिरवून बघायची, शक्य तर भिंगातून. मग चार-पाच पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवायच्या. चांगल्या पुंगळ्या किणकिणतात, तडकलेली असेल तर त्यात एक बद्द आवाज येतो. कुंभाराकडे मडकं घेताना आपली आजी टिचकी मारून बघायची, अगदी तसंच. मग बुडाच्या थोडं वर, अंगावर चमकदार कडं दिसतंय का बघायचं. तिथे पितळ ताणून पातळ झालेलं असतं. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून ओढली आणि तिथे खाच लागली, तर ती पुंगळी पुढच्या खेपेस दोन तुकडे होण्याच्या बेतात आहे. मानेची चीर त्या मानानं सौम्य, वायू पुढच्या बाजूलाच राहतो. बुडाजवळ फुटली तर वायू मागे येतो, माणसाच्या तोंडाकडे. पोच्याची दुरुस्ती आहे. तड्याची नाही. डाक लावून, चिकटवून, काही करून नाही.

आता लाकडी पुंगळी का, ते. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे, आणि रिकामी पुंगळी पुन्हा भरणं म्हणजे काडतूस बनवणंच. बंदुकीचा परवाना असला म्हणजे काडतुसं भरायचा परवाना मिळाला असं होत नाही. ही गफलत आमच्या ओळखीतल्या चांगल्या शिकलेल्या माणसांचीही असते. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षा आणखी वाढल्या आहेत. शिवाय जुन्या घरांच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत एखादं जुनं काडतूस सापडतं, कोणी शोभेसाठी ठेवतं, कोणी किल्ल्यांवर सापडलं म्हणून खिशात टाकतं आणि विमानतळावर अडकतं. काडतूस सापडलं तर हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा. ते कोकणातल्या माळ्यावर पन्नास पावसाळे काढलेलं असेल, आणि पन्नास पावसाळ्यांनी पितळेचं काय होतं ते आत्ताच बोललो. सभेत खरी पुंगळी नाचवत हे सांगणं आम्हाला बरं दिसलं नाही.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न आलाय, तांब्याच्या भांड्याला असा तडा जातो का? शुद्ध तांब्याला सहसा नाही. जस्त जितकं जास्त तितका धोका जास्त. पंधरा टक्क्यांच्या वर जस्त गेलं की जपावं. अभिषेकाचं पात्र तांब्याचं असतं, तुम्ही त्याबद्दल निर्धास्त राहा.

दुसरा प्रश्न, कल्हई लावल्यानं पितळ मऊ होतं का? कथील सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे पत्रा मऊ होण्याइतकी उष्णता सहसा पोचत नाही. कल्हईवाल्यानं भांडं लाल केलं तर मात्र होईल. थोडा ताण सैल होत असेल, तेवढा फायदाच.

काकू, तुमचा हात मघापासून वर आहे, बोला. ...काकू म्हणतायत, त्यांची पितळी कळशी पावसाळाभर गोठ्यात खुंटीला टांगलेली होती. गणपतीला काढली तर गळ्याखाली उभी चीर. घरात सगळ्यांनी नातवाला धरलं, त्यानंच आपटली म्हणून. नातू म्हणतो मी हात लावला नाही.

काकू, चिरेजवळ पोचा आहे का? ...नाही म्हणतायत. आजूबाजूला निळसर-हिरवा डाग? ...आहे म्हणतायत. आपटली असती तर आधी पोचा आला असता. कळशी न बघता शपथेवर सांगता येणार नाही, पण आम्हाला नातवाचं म्हणणं खरं वाटतंय. आता चिरेला डाक देऊन गळती थांबेल, पण चिरेची दोन्ही टोकं पुढे सरकू शकतात, तेव्हा भरलेली कळशी विहिरीवरून डोक्यावर आणायला वापरू नका. फुलझाड लावा, धान्य ठेवा. सध्या ती कुठे आहे? ...गोठ्यातच? मग आधी ती घरात आणा काकू, आणि शेजारी दुसरं काही पितळेचं टांगलेलं असेल तर तेही.